सगळ्या घराचा एकच कॉम्प्युटर सारखा हँग होतोय? फॉरमॅट मारायच्या आधी हे करा

आमच्या ठाण्याच्या घरात हॉलमध्ये एक डेस्कटॉप आहे आणि त्यावर पाच जण बसतात. सकाळी बाबा बँकेचं आणि पेन्शनचं बघतात. दुपारी आई सोसायटीच्या मेंटेनन्सचा हिशेब एक्सेलमध्ये घालते, कारण यंदा ती खजिनदार आहे. संध्याकाळी धाकटी बहीण सीईटीचे सराव पेपर सोडवते, मधेच आजी यूट्यूबवर कीर्तन लावून घेते, आणि रात्री उरलेल्या वेळात मी. मागच्या मे महिन्यात हा कॉम्प्युटर रोज हँग व्हायला लागला. बाबांचं म्हणणं, बहिणीने काहीतरी डाउनलोड केलंय. बहिणीचं म्हणणं, बाबा पन्नास टॅब उघडे ठेवून उठतात. आईच्या मते मशीनच जुनं झालं होतं. शेवटी स्टेशनजवळच्या एका दुकानात नेला. त्यांनी फॉरमॅट मारून दिला आणि आठव्या दिवशी तो पुन्हा हँग झाला.

मग आम्ही कीबोर्डशेजारी एक शंभर पानी वही ठेवली. हँग झाला की जो बसला असेल त्याने दोन ओळी लिहायच्या, एवढंच ठरवलं. आठवडाभराने वही उघडली तर तीन वेगवेगळ्या अक्षरांत एकच गोष्ट लिहिलेली होती: जुने फोटो उघडले. आजी आत्याच्या लग्नाचे फोटो बघत होती, आई गणपतीतला एक फोटो शोधत होती, मी बाबांचा पासपोर्टसाठीचा फोटो शोधत होते. फोटो होते डी ड्राइव्हवर, आणि दुकानात फॉरमॅट झाला होता फक्त सी ड्राइव्ह. हार्ड डिस्कचा नेमका डी ड्राइव्हचा भाग खराब होत चालला होता. कॉम्प्युटर तिथलं वाचायला गेला की अडकायचा. कोणाचाच दोष नव्हता.

सगळ्यांच्या कॉम्प्युटरचं दुखणं एकट्या माणसाला पूर्ण दिसत नाही. प्रत्येकाला त्याचा एकेक तुकडा दिसतो. ते तुकडे एका जागी आले की निम्मी दुरुस्ती तिथेच होते. हा लेख ज्यांनी कधी कॅबिनेट, म्हणजे कॉम्प्युटरचा मुख्य डबा, उघडलेलं नाही त्यांच्यासाठी आहे. विंडोज १० किंवा ११ असलेला डेस्कटॉप गृहीत धरलाय. लॅपटॉपलाही बहुतेक गोष्टी लागू पडतात.

आधी वही

मोबाइलमधली नोंद नको, कागदाची वहीच हवी. मोबाइल ज्याचा त्याच्या खिशात असतो, वही सगळ्यांसमोर असते. पेन दोरीने बांधून ठेवा, नाहीतर दुसऱ्या दिवशी पेन नाही म्हणून नोंद राहते. चार रकाने पुरेत: तारीख आणि वेळ, कोण बसलं होतं, काय काय उघडं होतं, नेमकं काय झालं आणि त्यातून बाहेर कसे पडलात. शेवटचा रकाना सगळ्यात महत्त्वाचा. नुसतं "हँग झाला" लिहून काही कळत नाही. "माउस हलत होता पण क्लिक लागत नव्हता, तीन मिनिटांनी आपोआप ठीक झालं" असं लिहिलं तर त्यातून पुष्कळ कळतं.

घरात एक नियम आधीच सांगून टाका: वहीत लिहिलेल्यावरून कोणाला ओरडायचं नाही. मुलाने गेम खेळताना हँग झाला आणि त्याने लिहिलं, आणि त्यावरून बोलणी बसली, तर पुढच्या वेळी तो "अभ्यास करत होतो" लिहील. खोट्या नोंदीवरून काढलेलं निदानही खोटंच निघतं. आजी-आजोबांना लिहायचा कंटाळा असेल तर त्यांच्या तोंडून ऐकून दुसऱ्याने लिहावं, पण शब्द त्यांचेच ठेवावेत. आमची आजी म्हणाली होती, "बाई बोलत होती ती एकदम टर्रर्र करून थांबली." ही फार उपयोगाची माहिती आहे, पुढे सांगते.

पाच-सहा दिवस किंवा सात-आठ नोंदी, जे आधी होईल तिथपर्यंत थांबा. मात्र एक काम त्याच दिवशी करा, आत्ताच: महत्त्वाची कागदपत्रं आणि फोटो एखाद्या बाहेरच्या डिस्कवर किंवा पेन ड्राइव्हवर कॉपी करून घ्या. रोग काय आहे ते अजून माहीत नाही, आणि तो डिस्कचा निघाला तर रोज थोडी थोडी माहिती हातातून जात असते.

हँग म्हणजे नेमकं काय झालं?

घरात एकाच शब्दाखाली पाच वेगळ्या गोष्टी येतात. त्या वेगळ्या ओळखायला शिका.

माउसच हलत नाही, बाकी सगळं चालू आहे. वायरलेस माउसची बॅटरी संपलीय का ते आधी बघा. नेरुळच्या मावशीकडे दोनदा टेक्निशियन येऊन गेला आणि दोन्ही वेळा एक पेन्सिल सेल बदलून गेला.

वेबसाइट गोल गोल फिरतेय, पण कॅल्क्युलेटर किंवा नोटपॅड लगेच उघडतंय. मग कॉम्प्युटर ठीक आहे, नेट अडकलंय. राउटर बंद करून मिनिटभराने चालू करा.

एकच प्रोग्राम पांढुरका पडलाय आणि वर "नॉट रिस्पाँडिंग" लिहून येतंय, बाकीचे चालताहेत. दुखणं त्या प्रोग्रामचं किंवा त्याने उघडलेल्या फाइलचं आहे.

सगळंच थांबलंय. आता कीबोर्डवरचं कॅप्स लॉक दाबा. त्याचा दिवा लागतो-विझतो का? लागत असेल तर आत जीव आहे. मशीन कशात तरी गुंतलंय, बहुतेक डिस्कमध्ये किंवा मेमरीत. दिवा ढिम्म हलत नसेल, चित्र गोठलंय आणि आवाज एकाच जागी अडकून टर्रर्र वाजतोय, तर मशीन मुळापासून थांबलंय. तेव्हा रॅम (चालू कामाची तात्पुरती मेमरी), गरम होणं, ग्राफिक्सचा ड्रायव्हर (पडद्यावरचं चित्र सांभाळणारा प्रोग्राम) किंवा एसएमपीएस (कॅबिनेटमधला वीज पुरवणारा डबा) यांच्याकडे बोट जातं. आजीचं वाक्य उपयोगी होतं ते यामुळे: तिच्या वेळचा प्रकार फोटोंच्या प्रकाराहून वेगळा निघाला.

आणि पाचवा प्रकार, आपोआप बंद होऊन पुन्हा चालू होणं. हे हँग नव्हे. याची चौकशी वीज आणि उष्णता या दोन ठिकाणी करायची.

अडकलाय, आत्ता काय करू?

दोन मिनिटं काहीही दाबू नका. घड्याळ लावून दोन मिनिटं. आपण रागाने वीस क्लिक करतो आणि मशीन सुटल्यावर ते वीसही क्लिक एकामागून एक अमलात आणतं.

मग कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकत्र दाबा. टास्क मॅनेजर, म्हणजे आत काय काय चालू आहे ते दाखवणारी खिडकी, उघडेल. अडकलेल्या प्रोग्रामवर क्लिक करून "एंड टास्क" द्या. न जतन केलेलं काम जाईल, त्याची तयारी ठेवा. पडदा काळा पडला असेल किंवा चित्रच गोठलं असेल तर विंडोजचं बटण, कंट्रोल, शिफ्ट आणि बी एकत्र दाबून बघा. याने ग्राफिक्सचा ड्रायव्हर नव्याने सुरू होतो, एक बीप येते आणि पडदा क्षणभर मिचकावतो. हे लागू पडलं तर वहीत मोठ्या अक्षरांत लिहा, कारण मग चौकशी थेट ग्राफिक्सकडे वळते.

यातलं काहीच चाललं नाही तर पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून धरा. भिंतीवरचा स्विच बंद करू नका. दोन्हींत वीज अचानकच तोडली जाते, पण स्विच बंद करायची सवय लागली की माणूस मशीन बंद होत असतानाही तेच करतो, आणि फाइली तेव्हा मोडू शकतात.

मागे राहिलेली माणसं

माझ्या पाहण्यात, एकाहून जास्त जण वापरतात त्या कॉम्प्युटरचं सगळ्यात जास्त आढळणारं आणि सगळ्यात कमी ओळखलं जाणारं कारण हे आहे. बाबा उठतात आणि "स्विच युजर" करतात. बहीण आपल्या खात्यात येते. बाबा पडद्यावरून गेले, पण मशीनमधून गेलेले नाहीत. त्यांचा क्रोम, त्यातले टॅब, बँकेची पीडीएफ, सगळं मेमरीत तसंच बसून आहे. मग आई येते. रात्रीपर्यंत चार जणांचा संसार आठ जीबी रॅममध्ये दाटीवाटीने राहत असतो आणि जो शेवटी बसतो त्याला वाटतं की आपल्यामुळे हँग झाला.

तपासायचं कसं? टास्क मॅनेजरमध्ये "युजर्स" नावाचा भाग आहे. तिथे आत्ता कोण कोण आत आहे आणि प्रत्येकाने किती मेमरी अडवलीय ते नावानिशी दिसतं. अ‍ॅडमिन खात्यातून त्या नावावर राइट क्लिक करून "साइन ऑफ" देता येतं, पण त्या माणसाचं न जतन केलेलं काम जाईल, म्हणून आधी हाक मारून विचारा. घरात नियम करा: उठताना "साइन आउट". "स्विच युजर" फक्त पाच मिनिटांसाठी.

याच्याच जोडीला दुसरी एक गोष्ट आहे. आपण रात्री "शट डाउन" करतो तेव्हा विंडोजमध्ये "फास्ट स्टार्टअप" चालू असेल तर मशीन पूर्ण कोरं होत नाही. विंडोजच्या गाभ्याची अवस्था डिस्कवर जतन करून ठेवली जाते आणि सकाळी तीच परत उचलली जाते. "रीस्टार्ट" मात्र खरोखर नव्याने सुरू करतं. टास्क मॅनेजरच्या "परफॉर्मन्स"मध्ये सीपीयूच्या पानावर "अप टाइम" बघा. रोज बंद करत असूनही तिथे वीस दिवस दिसत असतील तर हेच कारण. आठवड्यातून एकदा रीस्टार्ट करा, किंवा कंट्रोल पॅनेलमधल्या "पॉवर ऑप्शन्स"मध्ये पॉवर बटणाने काय व्हावं ते ठरवायच्या पानावर जाऊन फास्ट स्टार्टअपची खूण काढा.

सुरू होताना आपोआप उघडणारे प्रोग्राम टास्क मॅनेजरच्या "स्टार्टअप" भागात दिसतात. नको ते "डिसेबल" करा. पण लक्षात ठेवा, एकाने केलेली सफाई सगळ्यांना पूर्ण लागू होत नाही. प्रत्येकाच्या खात्याची यादी थोडी वेगळी असते, त्यामुळे प्रत्येकाने आपापल्या खात्यात जाऊन हे करायला हवं. रिसायकल बिनचंही तसंच. बहिणीने तिचा कचरा रिकामा केला म्हणून बाबांनी टाकलेले मोठे व्हिडिओ जात नाहीत. ते बाबांच्या खात्यातल्या बिनमध्येच पडून जागा खात असतात. सी ड्राइव्ह गच्च भरला की विंडोजला हातपाय हलवायला जागा उरत नाही. साधारण पंधरा-वीस टक्के रिकामी ठेवा. एका रविवारी सगळ्यांनी ओळीने बसून आपलं बिन आणि डाउनलोड फोल्डर साफ करावं. आमच्याकडे त्या एका दुपारी ४० जीबी मोकळी झाली, त्यातली निम्म्याहून अधिक व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेल्या व्हिडिओंची.

डिस्क: संशयितांत पहिला नंबर

मशीन अडखळत असताना टास्क मॅनेजरच्या "परफॉर्मन्स"मध्ये डिस्कचं पान उघडा. आधी नाव बघा. तिथे एचडीडी लिहिलं असेल तर आत फिरती तबकडी आहे, एसएसडी असेल तर नाही, ती चिपवर माहिती ठेवते. मग तीन आकडे एकत्र वाचा. "अ‍ॅक्टिव्ह टाइम" १०० टक्के आहे आणि वाचण्या-लिहिण्याचा वेगही भरपूर दिसतोय, तर डिस्क खरंच काम करतेय. विंडोजचं अपडेट किंवा अँटीव्हायरसचं स्कॅन चालू असेल. थांबा. पण अ‍ॅक्टिव्ह टाइम १०० टक्के, वेग सेकंदाला काहीशे केबीच, आणि "अ‍ॅव्हरेज रिस्पॉन्स टाइम" हजारो मिलिसेकंद, असं दिसलं तर डिस्क एकाच जागी वाचायचा पुन्हा पुन्हा प्रयत्न करतेय आणि तिला ते जमत नाहीये. आमच्या फोटोंच्या वेळी हेच दिसत होतं.

आता वही आणि मशीनची स्वतःची रोजनिशी ताडून बघा. स्टार्टच्या शोधात "रिलायबिलिटी" टाइप केलं की "व्ह्यू रिलायबिलिटी हिस्टरी" येतं. तारखांचा एक आलेख उघडतो आणि बिघाडाच्या दिवशी लाल फुली दिसते. "इव्हेंट व्ह्यूअर"मध्ये "विंडोज लॉग्ज", त्यात "सिस्टम" उघडून वहीतल्या वेळेच्या आसपास बघा. "डिस्क" या नावाने क्रमांक ७ ची नोंद म्हणजे खराब ब्लॉक, डिस्कचा नीट वाचता न येणारा तुकडा, सापडलाय. १५३ म्हणजे वाचणं-लिहिणं पुन्हा करून बघावं लागलंय. "कर्नल पॉवर" ४१ ही नोंद बघून मात्र घाबरू नका. तिचा अर्थ एवढाच की मशीन नीट बंद न होता पुन्हा सुरू झालं. तुम्ही बटण दाबून धरलंत तरी ती येते.

डिस्कची प्रकृती बघायला क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचं छोटं मोफत साधन आहे. निळ्यात "गुड", पिवळ्यात "कॉशन", लालात "बॅड". पिवळा दिसला तर त्या दिवसापासून ती डिस्क निवृत्त झाली असं समजा. तिथे "रीअ‍ॅलोकेटेड" आणि "पेंडिंग" सेक्टरांचे, म्हणजे डिस्कवरच्या खराब म्हणून बदललेल्या आणि संशयित कप्प्यांचे, आकडे असतात. शून्य असायला हवेत, आणि आठवड्यात वाढत असतील तर वाट बघू नका. "सीआरसी एरर"चा, म्हणजे माहिती केबलमधून जाताना झालेल्या चुकांचा, आकडा वाढत असेल तर मात्र आधी डिस्कला मदरबोर्डशी जोडणारी साटा केबल बदला. बऱ्याचदा डिस्क चांगली असते, केबल सैल असते, आणि केबल स्वस्त मिळते.

इथे क्रम चुकवू नका. ड्राइव्हवर राइट क्लिक, "प्रॉपर्टीज", "टूल्स", "चेक" असं करून डिस्क दुरुस्त करण्याचा मोह होतो. आजारी डिस्कवर हे केलं तर ती शेवटचा दम त्यातच घालवू शकते. आधी कॉपी, मग तपासणी. कॉपी करतानाही ज्या फोल्डरवर अडकते ते शेवटी ठेवा. बाकीचं सगळं सुखरूप बाहेर आलं की मग त्याला हात लावा. आमचे साडेतीनशे फोटो गेले. क्रम उलटा केला असता तर सगळेच जायचे.

डिस्क चांगली असली तरी ती फिरती असेल आणि विंडोज १० किंवा ११ तिच्यावर चालत असेल, तर माझा सल्ला स्पष्ट आहे: जुन्या मशीनवर एकाच गोष्टीवर खर्च करायचा असेल तर तो एसएसडीवर करा. अडीच इंची साटा एसएसडी जुन्या डेस्कटॉपमध्येही बसते, त्याच केबलवर चालते, आणि सेकंदाला साधारण ५०० एमबी वाचते. फिरती डिस्क १०० ते २०० एमबीच्या आसपास असते. पण खरा फरक छोट्या छोट्या विखुरलेल्या फाइली वाचण्यात पडतो, आणि विंडोज दिवसभर तेच करत असतं.

धूळ, उकाडा, खाडीची हवा

घोडबंदर रोडच्या बाजूला राहणाऱ्यांना वेगळं सांगायला नको. बांधकामं आणि मेट्रोचं काम यांची धूळ खिडकी बंद ठेवूनही आत येते आणि पंख्याच्या पात्यांवर, प्रोसेसरच्या हीटसिंकमध्ये, म्हणजे त्याची उष्णता खेचून घेणाऱ्या धातूच्या पट्ट्यांमध्ये, नमद्यासारखी बसते. नवी मुंबईत खाडीजवळ धुळीच्या जोडीला दमट खारी हवा असते. मावशीच्या कॅबिनेटमधले स्क्रू गंजले होते आणि रॅमच्या सोनेरी पट्ट्यांवर काळपट थर आला होता.

वहीत हँग होण्याच्या वेळा दुपारच्या असतील, किंवा चालू केल्यापासून साधारण तेवढ्याच वेळाने होत असतील, तर उष्णतेवर संशय घ्या. एचडब्ल्यूइन्फोसारख्या मोफत साधनात प्रोसेसरचं तापमान दिसतं. नुसतं बसलेलं असताना ४० ते ५० अंश, कामात ७० ते ८० अंश चालतं. साधं काम करताना ९० च्या वर राहत असेल तर साफसफाई हवीच. बऱ्याच इंटेल प्रोसेसरांची मर्यादा १०० अंशांच्या आसपास असते. तिथे पोचायच्या बेतात ते स्वतःच वेग कमी करतात आणि आपल्याला वाटतं मशीन म्हातारं झालं.

साफ करताना प्लग काढा, मग पॉवरचं बटण पाच सेकंद दाबून आत उरलेली वीज घालवा. कॅबिनेटच्या धातूला हात लावून अंगातला स्थिर विद्युतभार उतरवा. ब्लोअर मारायचा असेल तर पंखा पेन्सिलीने अडवून धरा, तो मोकाट फिरू देऊ नका. ओलं फडकं नको. आणि एसएमपीएसचा डबा कधीही उघडू नका. प्लग काढल्यावरही त्यात जीवघेणी वीज साठून राहिलेली असू शकते. त्याची धूळ बाहेरूनच उडवा. कॅबिनेट भिंतीला चिकटवून, पडद्यामागे किंवा टेबलाच्या बंद कप्प्यात ठेवलं असेल तर बाहेर काढा. देवघराशेजारी असेल तर उदबत्तीची राख आणि धूरही आत ओढला जातो.

वीज

मशीन आपोआप बंद होऊन सुरू होत असेल आणि वेळा ठरावीक असतील, तर त्या वेळी इमारतीत काय सुरू होतं ते बघा. सोसायटीचा पाण्याचा पंप, घरातला एसी, मिक्सर. क्षणभर दाब खाली येतो, जुना एसएमपीएस तो झटका सोसत नाही. कॉम्प्युटर ज्या बोर्डावर आहे त्याच बोर्डावर इस्त्री किंवा गीझर नको. कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर अर्थिंग नाही. जुन्या चाळी आणि नौपाड्याकडच्या जुन्या इमारतींत हे सर्रास दिसतं. हे काम इलेक्ट्रिशियनचं आहे, आणि कॉम्प्युटरपेक्षा माणसांसाठी जास्त तातडीचं.

यूपीएस असेल तर काम जतन करून ठेवून, मोठे प्रोग्राम बंद करून एकदा भिंतीवरचा त्याचा स्विच बंद करून बघा. लगेच बंद पडला तर त्याची बॅटरी गेलीय. दोन-तीन वर्षांत ती बदलावी लागतेच.

रॅम

टास्क मॅनेजरमध्ये मेमरी सतत ९० टक्क्यांच्या वर असेल, आणि मागे राहिलेली माणसं साइन आउट करूनही फरक पडत नसेल, तर रॅम वाढवा. मेमरीच्या पानावर "स्लॉट्स यूज्ड" दिसतं, त्यावरून जागा आहे का ते कळतं. डीडीआर३ आणि डीडीआर४ या रॅमच्या पट्ट्या एकमेकांच्या जागी बसत नाहीत, म्हणून प्रकार आधी वहीत लिहून मगच दुकानात जा.

रॅम सदोष आहे का ते बघायला स्टार्टमध्ये "मेमरी डायग्नॉस्टिक" शोधा. मशीन रीस्टार्ट होऊन तपासणी चालते, वेळ लागतो, रात्री जेवताना लावा. दोष दिसला तर मशीन बंद करून, प्लग काढून, रॅमची पट्टी बाहेर काढा, सोनेरी पट्ट्या साध्या पांढऱ्या खोडरबराने हलक्या हाताने पुसा, कण झटका आणि कट्ट आवाज येईपर्यंत परत बसवा. मावशीच्या मशीनचं टर्रर्र यानेच थांबलं. दोन पट्ट्या असतील तर एकेक लावून दोन-दोन दिवस चालवा. कोणती खराब ते वही सांगेल.

सॉफ्टवेअरचं थोडक्यात

दोन वेगवेगळे अँटीव्हायरस टाकले असतील तर एक काढा. विंडोजमध्ये डिफेंडर असतोच. क्रोममध्ये शिफ्ट आणि एस्केप दाबलं की त्याचा स्वतःचा टास्क मॅनेजर उघडतो; कोणता टॅब किंवा एक्स्टेन्शन खादाड आहे ते दिसतं. "क्रॅक" केलेला गेम किंवा प्रोग्राम असेल तर तो काढा आणि पूर्ण स्कॅन करा. फाइल एक्सप्लोररच अडकत असेल तर लावलेले सगळे पेन ड्राइव्ह काढून बघा. एक मरतुकडा पेन ड्राइव्ह सगळी खिडकी गोठवतो. फार दिवसांनी मशीन सुरू केलं असेल तर पहिला अर्धा तास अपडेटमध्ये जाणारच.

विंडोज १० ला १४ ऑक्टोबर २०२५ पासून नियमित सुरक्षा अपडेट मिळत नाहीत. त्यामुळे मशीन हँग होत नाही, पण त्यावर बँकेचे व्यवहार होत असतील तर पुढचा निर्णय घ्यायला हवा. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते आणि इंटेलचा असेल तर साधारणपणे आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर. एसएसडीवर खर्च करण्याआधी हे तपासा.

दुकानात न्यायची वेळ आली तर

आपल्याकडे अनेक जण स्वस्त पडतं म्हणून थेट मुंबईत ग्रँट रोडच्या लॅमिंग्टन रोडला जातात. सुटा भाग आणायला जरूर जा. दुरुस्तीसाठी मात्र घराजवळचं दुकान बरं, कारण चारदा जावं लागू शकतं.

वही सोबत न्या. "हँग होतो" एवढंच सांगितलंत तर फॉरमॅट मिळेल. "कॅप्स लॉकचा दिवा लागतो-विझतो, डी ड्राइव्ह वाचताना अडकतो, क्रमांक ७ ची नोंद आहे" असं सांगितलंत तर समोरचा माणूस डिस्क तपासेल. फॉरमॅट करायचाच असेल तर आधी विचारा, अशी चिठ्ठी लिहून द्या. रॅम किती, कोणती, डिस्कचा सीरियल नंबर काय, याचे फोटो काढून ठेवा. घरातल्या कोणाचाही पासवर्ड सांगू नका. तपासणीसाठी एक वेगळं खातं करून त्याचा पासवर्ड द्या. क्रोममध्ये जतन केलेले बँकेचे पासवर्ड आधीच काढून टाका. बदललेला जुना भाग परत मागून घ्या, विशेषतः डिस्क. तिच्यात अजून तुमच्या घरातलं बरंच काही आहे, ती भंगारात जाता कामा नये.

मशीन घरी आणल्यावर वही पंधरा दिवस तशीच चालू ठेवा. पहिल्या पानावर तारीख घालून काय बदललं ते लिहा. एका वेळी एकच गोष्ट बदला: आज एसएसडी, मग चार दिवस थांबून रॅम. दोन्ही एकदम केलंत आणि बरं वाटलं, तर कशाने बरं वाटलं ते कळत नाही, आणि सहा महिन्यांनी पुन्हा अडखळलं की चौकशी पहिल्यापासून सुरू. आमच्या वहीत नवी डिस्क बसवल्यानंतरची पहिली नोंद बाराव्या दिवसाची आहे, आजीच्या अक्षरात: "कीर्तन थांबले. पण नेट गेले होते, कॅल्क्युलेटर उघडून पाहिला."